पाठ फिरवून ओढलेली सिगार

९ जानेवारी

ही डायरी हॉटेलची आहे. दोन वर्षांपूर्वीची, कोरी, रद्दीत निघाली. छापलेले वार चुकतात म्हणून कुणी घेईना, मी घेतली. पुढच्या काउंटरवरची सोनियाताई म्हणाली, "लिहीत जा रे रोज. अक्षर सुधारेल, अन् डोकं एका जागी बसेल."

डोकं एका जागी बसत नाय हे तिला आठ दिवसांत कळलं. घरच्यांना तर लहानपणीच कळलं होतं.

माझं नाव मल्हारी. वय तेवीस, शिक्षण सातवी. गाव मुखेडकडं, पण गाव नुसतं म्हणायला. आमची माणसं वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. तीन वर्षांत मी पाच कामं धरली अन् सोडली. वीटभट्टी, पुण्यात गोडाऊन, जालन्यात सळयांचा कारखाना, गाड्या धुणं, केळीचा ट्रक. चार महिन्यांच्या वर कुठं टिकलो नाय.

आता इथं छत्रपती संभाजीनगरला या मोठ्या हॉटेलात, सिगारच्या खोलीत. खुर्च्या पुसायच्या, राखदाण्या रिकाम्या करायच्या, सिगारच्या कपाटात ओलावा बरोबर ठेवायचा. तीन महिने चाचणी. मॅनेजर अभय सर म्हणाले, "एकतीस मार्चला बघू. जमलं तर पक्का, नाही तर बॅग भर." फोनवर बा म्हणाला, "नाय जमलं तर सरळ ये. तुझ्या वाटची साठ मेंढरं राखून ठेवलीत."

मला जायचं नाय. हे कुणाला बोललो नाय, इथं लिहितो. एकदा तरी कुठं टिकून बघायचंय.

१६ जानेवारी

आज गेलीच होती नोकरी.

दुपारी फरशी पुसताना फिनेलची बाटली हातातून सुटली. सगळी गालिच्यावर. सिगारच्या खोलीत फिनेल म्हणजे दुधाच्या हंड्यात रॉकेल. खिडक्या उघडतो तोच नानासाहेब आत आले.

नानासाहेब म्हणजे बिडकीनकडचे मोठे जमीनदार. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, आता गारखेड्यात बंगला. दर गुरुवारी चार वाजता येतात. सिगारमधलं या शहरात त्यांच्याएवढं कुणाला कळत नाय. आमच्या मालकांनी कुठला माल घ्यायचा हेसुद्धा तेच ठरवतात.

ते फिनेलच्या अगदी शेजारच्या खुर्चीत बसले, पेपर उघडला. अभय सर नाकाला रुमाल लावून धावत आले. "हा काय वास! मल्हारी, आत्ताच्या आत्ता बॅग भर!"

नानासाहेबांनी मान वर केली. "कसला वास?"

"फिनेल, नानासाहेब! तुम्हाला..."

त्यांनी एकदा सरांकडं बघितलं, एकदा ओल्या गालिच्याकडं. मग म्हणाले, "असू द्या हो. पोरानं खोली स्वच्छ केली, एवढंच ना? मला काही त्रास नाय."

एवढा मोठा माणूस. माझ्यासाठी तासभर त्या दर्पात बसला, एकदा शिंकलासुद्धा नाय.

३० जानेवारी

खोलीत आम्ही दोघंच होतो. नानासाहेब म्हणाले, "तू धनगराचा ना रे? मग नाक चांगलं असणार."

मी म्हटलं, "आमच्यात नाकावरच चालतंय जी. अंधारात कुठल्या मेंढीचं कोकरू कुठलं, ते टाळूचा वास घेऊन सांगतो."

त्यांनी हातातली सिगार पुढं केली. पेटवलेली नव्हती. "सांग, कशाचा वास येतो?"

मला वाटलं, चेष्टा. पण ते हसत नव्हते. मी वास घेतला. चिंचेचं लाकूड चिरल्यावर येतो तसा. मागं नव्या पायताणाचं कातडं. अन् अगदी शेवटी गुळाची काहील, उतरवून पाण्यानं धुतलेली.

"काहील धुतलेली?"

"भरलेली नव्हं. धुतलेली."

त्यांनी सिगार खाली ठेवली. मग म्हणाले, "पुढच्या गुरुवारी दोन मागवीन. एक तू ओढायची."

६ फेब्रुवारी

ओढली. अन् पडलो.

आमच्या आजाची चिलीम बघत वाढलो, तसाच पहिला झुरका थेट छातीत घेतला. खोली फिरली, खुर्ची फिरली, नानासाहेब दोन दिसले. ते पोट धरून हसले. "अरे, बिडी नव्हं ती! धूर गिळायचा नाय. तोंडात घे, जिभेवर फिरव, पाहुण्यासारखा दारातनंच परत धाड."

पाणी पिऊन पुन्हा बसलो. आता दुसरी अडचण. आमच्यात वडीलधाऱ्या माणसापुढं कुणी ओढत नाय. बा पन्नाशीचा, तरी आजासमोर पाठ फिरवूनच बिडी पेटवायचा. मी उठून भिंतीकडं तोंड केलं, नानासाहेबांकडं पाठ.

"हे काय रे?"

"तुमच्यासमोर कसं ओढू जी?"

"मग तसाच बोल. भिंतीला सांग, मला ऐकू येतंय."

मग मी भिंतीला सांगितलं. सुरुवातीला वाळला कडबा. बोटभर जळाल्यावर भाजलेला शेंगदाणा, टरफलासकट. अर्ध्यावर मिऱ्यासारखं जिभेच्या टोकाला. राख पांढरी, बोटाएवढी झाली तरी पडेना. नानासाहेब मागनं एकेक विचारत होते. "मिरे आधी का शेंगदाणा आधी? कडबा ज्वारीचा का बाजरीचा?" असं कुणी मला उभ्या जन्मात विचारलं नाय. शाळेत तर नायच.

कसली परीक्षा घेतात पण! स्वतःला सगळं ठाऊक असून चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत.

८ फेब्रुवारी

आज शनिवार, नानासाहेबांचे चार दोस्त आले होते. मी राखदाण्या बदलत होतो. नानासाहेब तीच परवाची सिगार बोटात धरून सांगत होते, "आधी कडबा बघा. ज्वारीचा. मग शेंगदाणा, टरफलासकट. मिरे अर्ध्यावर." दोस्त माना डोलवत होते. "वाह नानासाहेब, क्या बात है!"

माझं काळीज एवढं मोठं झालं! माझा अन् त्यांचा अंदाज शब्दाला शब्द जुळला. म्हणजे माझं नाक खरंच त्यांच्या तोडीचं. बाहेर जाऊन सोनियाताईला सांगितलं. तिनं माझ्याकडं जरा विचित्र बघितलं अन् म्हणाली, "शब्दाला शब्द? बरं बरं. कुणाला सांगू नको."

नजर लागेल म्हणून म्हणाली असेल.

२० फेब्रुवारी

नानासाहेब लई धीराचे. आज काडी ओढून टेबलावर टाकली ती विझलीच नव्हती. कोटाची बाही तिच्यावर. मला दारातच वास आला, लोकर जळाल्याचा, मेंढराला डाग देताना येतो तसा. धावत गेलो तर हे शांत बसलेले, बाहीतनं धूर निघतोय. मी हातानं चोळून विझवली. ते दचकले, मग म्हणाले, "शाब्बास. तू येतो का बघत होतो."

माणसानं एवढं शांत असावं. मी तर माशी बसली तरी उठून पळतो.

सोनियाताईनं जेवताना सांगितलं. कोरोनात नानासाहेब अन् त्यांच्या मालकीणबाई भागूबाई एकाच दवाखान्यात होते. घरी परतले ते एकटेच. "तेव्हापासून जेवणाला कधी नाव नाही ठेवत बघ. परवा चहात साखरेऐवजी मीठ गेलं होतं, तरी पिऊन गेले."

मोठी माणसं अशी असतात. खालच्या माणसाची चूक दाखवत नाहीत.

६ मार्च

बाचा फोन. माणसं गोदावरीकाठी उतरलीत. म्हणाला, "तिकडं काय काम करतो नेमकं?" सांगितलं, सिगार ओढून कशी आहे ते सांगतो. बानं आधी ते आईला सांगितलं. मग म्हणाला, "धूर काढायची नोकरी? ती तर तुझा आजा फुकट करायचा."

आई मागनं ओरडली, "छाती खराब करून घेऊ नको रे मल्हू!" तिला सांगितलं, धूर आत घेत नाय, दारातनंच परत धाडतो. तिला ते पटलं नाय. मलाही पुरतं पटलेलं नाय, म्हणून आठवड्यात एकच, गुरुवारची.

आतापर्यंत पाच झाल्या. पाचही वेगळ्या ओळखतो, डोळे मिटून.

१९ मार्च

नवीनच संकट आलंय.

पुढच्या महिन्यात कारखान्यांच्या पट्ट्यातल्या परदेशी पाहुण्यांची मोठी मेजवानी आमच्या हॉटेलात आहे. त्यासाठी पन्नास पेट्या सिगार घ्यायच्यात. क्युबाची, आमच्याकडं जुनी आहे तीच. माल घेऊन मुंबईचे व्यापारी प्रणय शेठ सत्तावीसला येणार. नानासाहेब ओढून सांगतील ती घ्यायची.

पण आज अभय सरांनी बोलावलं. म्हणाले, "नानासाहेबांनी अट घातलीय. ते ओढणार नाहीत. त्यांच्या वतीनं तू. मल्हारी, तू मालकांच्या समोर चुकलास तर एकतीसची वाट नाही बघणार मी. त्याच दिवशी बॅग."

मी नानासाहेबांना फोन केला. "जी, मी कशाला? तुम्ही असताना?"

"माझं सोड. तू मला आतापर्यंत एकदा तरी खोटं सांगितलं का?"

"नाय जी."

"मग झालं तर."

बॅग बघितली. दोन शर्ट, घोंगडी, चार्जर. भरायला वेळ लागणार नाय. त्याचंच वाईट वाटलं.

२७ मार्च

एवढं रोज लिहीत नाय. पण आज सगळं लिहिणार.

चार वाजता सगळे खोलीत. मालक, अभय सर, नानासाहेब, प्रणय शेठ. शेठच्या अंगाला एवढं अत्तर की मी आधी जाऊन खिडकी उघडली. त्यांनी पेटी उघडून टेबलावर ठेवली. सिगारांच्या कमरेला सोनेरी कागदी पट्टे, अगदी आमच्या कपाटातल्यासारखे. मालक म्हणाले, "दिसायला तर फर्स्ट क्लास आहे."

नानासाहेब म्हणाले, "पट्टे काढा. त्यांच्या दोन घ्या, आपल्या कपाटातली जुनी एक घ्या. तिन्ही मिसळा."

अभय सरांनी पट्टे काढले, खालच्या बाजूला बारीक खुणा केल्या. मी सवयीनं उठलो अन् भिंतीकडं तोंड केलं.

प्रणय शेठ खो खो हसले. "अरे, हे काय? हा भिंतीला पाजणार आहे का? मालक, गंमत करताय माझी?"

"आमच्यात मोठ्यांसमोर ओढत नाहीत," मी म्हटलं. "माफी असावी."

"राहू द्या तसाच," नानासाहेब म्हणाले. "बरं झालं. बघून सांगितलं असं नंतर कुणाला म्हणता यायचं नाय."

खांद्यावरनं पहिली हातात आली. पेटवली. दोन झुरके, तोंडात फिरवून सोडले. कडबा, ज्वारीचा. शेंगदाणा येणार हे आधीच कळलं, वाटेवरच्या ओळखीच्या माणसासारखं. राख बोटभर झाली, हलेना. म्हटलं, "ही आपली. जुनी."

दुसरी. न पेटवता वास घेतला, तर तोच. कडबा, तेच पान. मी घाबरलो. वाटलं, शेठ खरं बोलतोय अन् मीच नाक घेऊन मिरवतोय. मागं शेठच्या बुटाची टकटक चालू. सकाळी भरून ठेवलेली बॅग डोळ्यापुढं आली.

मग पेटवली. दुसऱ्याच झुरक्याला टाळू भाजली. धूर गरम, कडू, कच्च्या देठाचा. तिसऱ्या झुरक्याला राख तुटून शर्टावर पडली. अन् मला माळावरची आई आठवली.

आमच्यात कुणा मेंढीचं कोकरू मेलं, अन् दुसरीकडं एखादं कोकरू पोरकं झालं, तर मेलेल्याचं कातडं काढून पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढी वास घेते, आपलंच समजते, पाजते. मी लहान असताना आईनं मला दोन कोकरं दाखवून विचारलं होतं, यातलं कातडं पांघरलेलं कोणतं? मी पाठीचा वास घेत बसलो. ती म्हणाली, "पाठीवर काय हुंगतो? तोंडाचा वास घे. कातडं तोंडावर बांधत नाहीत."

मी भिंतीला म्हटलं, "जी, हे कोकरू दुसऱ्याचं हाय. वरचं कातडं तेवढं आपल्या कोकराचं."

"म्हणजे?" मालक.

"वरचं पान चांगलं गुंडाळलंय. आत दुसराच माल. चुरा असणार, देठं असणार. म्हणून चटका देती, म्हणून राख धरत नाय."

तिसरी ओढली. तीच गत. तीही शेठचीच म्हणालो.

अभय सरांनी खुणा बघितल्या. आवाज बारीक झाला त्यांचा. "बरोबर. तिन्ही बरोबर."

प्रणय शेठ उठले. "कोणती कोणाची ते ओळखलं, म्हणून माल खोटा होतो? मेंढ्या वळणारा मला तंबाखू शिकवणार? वीस वर्षं धंदा करतोय!"

नानासाहेबांनी कापायचं पातं घेतलं. आधी आमची जुनी सिगार उभी चिरली. आत लांबच लांब पानं, टोकापासून टोकापर्यंत, नेसायच्या साडीच्या निऱ्यांसारखी घडी घातलेली. मग शेठची चिरली. टेबलावर भुस्सा सांडला. देठाचे तुकडे, काळा चुरा, अन् एक दोऱ्याचा तुकडासुद्धा.

मालकांनी तो दोरा चिमटीत धरला अन् शेठच्या पेटीत परत टाकला. "घेऊन जा."

शेठ म्हणाले, मलाही माल देणाऱ्यानं फसवलं असेल. असेलही. ते गेल्यावर खोलीतलं अत्तर अर्धा तास राहिलं.

मी अजून भिंतीकडंच तोंड करून उभा. नानासाहेब म्हणाले, "मल्हारी, आता फिर इकडं. विझवली ना?"

फिरलो तर मालक उभे राहून हात पुढं करून. माझ्याशी हात मिळवायला! मी आधी शर्टाला पुसला. शर्टावर राख होती, ती हाताला लागली, त्यांच्याही हाताला लागली.

३१ मार्च

पक्का झालो. कागद मिळाला, छातीवर लावायची पाटी मिळाली. 'मल्हारी, सिगार पारखी'. पारखी हा शब्द नानासाहेबांनी घालायला लावला. सोनियाताईनं सगळ्यांना पेढे वाटले, अन् अभय सरांनी दोन खाल्ले.

बाला फोन केला. म्हटलं, मेंढरं थोरल्या भावाला दे. बानं आधी एका मेंढीला हाकललं. मग म्हणाला, "पाठ फिरवून ओढली म्हणतोस?"

"व्हय."

"मग बरं." अन् आईला ओरडून सांगितलं, "अगं, पोरगं रीत विसरलं नाय बघ!"

साठ मेंढरांपेक्षा मला हे मोठं वाटलं.

३ एप्रिल

गुरुवार. नानासाहेब चार वाजता आले, पण आज सिगार मागवली नाय. हातात स्टीलचा डबा, पुरणपोळीसाठी असतो तसला मोठा. म्हणाले, "दार लावून घे."

मला वाटलं, पेढे आणलेत. डब्यात हिरवी इरकल साडी होती, घडी केलेली. त्यांनी डबा माझ्या गुडघ्यावर ठेवला. "काय येतंय, सांग."

ही परीक्षा नवी होती. मी म्हटलं, "आधी तर डांबरगोळी."

"तिच्या खाली?"

डोळे मिटले. खाली कापूर. त्याच्या खाली खोबरेल, मेंदीचा पाला घालून उकळलेलं. गव्हाचं पीठ, थोडं. पदराचं टोक नाकाशी धरलं अन् थांबलो.

"काय?"

"धूर हाय जी. चुलीचा नव्हं. कडबा, अन् मागं शेंगदाणा. सिगारचा."

नानासाहेब हसले. असं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं. "लई भांडायची! म्हणायची, ओढून येता अन् माझ्याच पदराला हात पुसता. अजून हाय तो वास? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगू."

"हाय जी. टोकालाच हाय, पण हाय."

"किती दिवस राहील?"

मी म्हटलं, उघडत बसलात तर लवकर जाईल. डांबरगोळ्या काढा, उन्हात घालू नका, लोकरीत गुंडाळून ठेवा. लोकर ओलावा धरती, वास धरती. खोलीवर जाऊन माझी घोंगडी आणली, आईनं विणून घेतलेली. तिच्यात डबा गुंडाळून दिला.

"पुढच्या गुरुवारी आणू का परत?"

"नाय जी. वर्षातनं एकदाच उघडायचा. त्या दिवशी मी सांगीन, किती राहिलाय."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"म्हणजे तुला इथंच राहावं लागंल."

आजवर कुणी असं विचारलं की माझे पाय शिवशिवायचे. आज नाय शिवशिवले. म्हटलं, "राहतो की."

एक गोष्ट मात्र कळली नाय. एवढा मोठा पारखी माणूस, पण त्यांनी तो पदर एकदाही स्वतःच्या नाकाशी नेला नाय. नुसता हातात धरून बसले. मग उठले, भिंतीकडं गेले अन् माझ्याकडं पाठ करून बराच वेळ उभे राहिले. हातात सिगार नव्हती.

मी मोठा नव्हं त्यांच्यापेक्षा, मग माझ्यासमोर पाठ कशाला? विचारणार होतो. मग म्हटलं, असू दे. आपण कुठं चाललोय, विचारू पुढच्या वर्षी.